सुखाचा रकाना

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या (किंवा मुलीच्या) बॅगेत काय काय असावं, याबद्दल आपल्याकडे प्रत्येकाचं एक ठाम मत असतं. आई म्हणते मेतकूट. मावशी म्हणते भाजणी. काका म्हणतात, एक जास्तीचा स्वेटर राहू दे. शेजारच्या काकूंचा पुतण्या अमेरिकेत असतो, त्यामुळे त्या म्हणतात कुकर म्हणजे कुकरच. मग २३ किलोंची बॅग आणि घरातला वजनकाटा यांचा खेळ रात्री दोनपर्यंत चालतो. ज्यांनी हा खेळ खेळलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

माझी या खेळाबद्दल तक्रार नाही. पण इथे स्टुटगार्टमध्ये दुसरा हिवाळा काढताना माझं एक मत पक्कं होत चाललंय, ते आज जरा सविस्तर मांडायचा विचार आहे. मत असं, की परदेशात ज्या बारीकसारीक गोष्टींनी जीव रमतो त्यांना आपण उगाच ‘चैन’ म्हणतो. त्यांची जागा भाडं, विमा आणि बसचा पास यांच्या रांगेत आहे. आणि दुसरं असं, की त्या घरून भरून आणता येत नाहीत. जिथे राहतो तिथल्याच सामानातून त्या उभ्या कराव्या लागतात.

आधी बॅगेचंच सांगते. माझ्याबरोबर साताऱ्याचे कंदी पेढे आले होते, ते चौथ्या दिवशी संपले. (मजल्यावर वाटले. त्यातले पाच एका कोलंबियन मुलाने एकट्याने खाल्ले!) चकल्या पंधरा दिवस पुरल्या. मेतकूट दिवाळीपर्यंत. आणि घरच्या वस्तूची गंमत अशी की ती संपत आली की सुख द्यायचं थांबवते आणि काळजी द्यायला लागते. डब्याच्या तळाशी उरलेलं दोन चमचे मेतकूट मी कितीतरी आठवडे नुसतं उघडून, वास घेऊन परत ठेवत होते. आता याला काय सुख म्हणायचं?

नेमका त्याच सुमारास इथे ऑक्टोबरचा शेवटचा रविवार येतो. त्या दिवशी घड्याळं एक तास मागे नेतात. भारताशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर एका रात्रीत साडेचार तासांचं होतं. ऐकायला एक तास किरकोळ वाटतो. पण उन्हाळ्यात लेक्चरं आटपून सहा वाजता फोन लावला की घरी साडेनऊ वाजलेले असायचे. आई-बाबा जेवून निवांत बसलेले असायचे. आता साडेदहा वाजतात. बाबा झोपलेले असतात. आई म्हणते, "बोल गं, जागीच आहे मी," आणि आवाजावरून कळतं की ती जागी नव्हती. डिसेंबरात तर सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि साडेचारच्या सुमारास मावळतो, तोही बरेचदा ढगांच्या मागे. आपण अंधारात घराबाहेर पडतो आणि अंधारातच परत येतो. साताऱ्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाला ऊन ही खर्च न करता मिळणारी गोष्ट आहे असंच वाटत असतं. इथे आल्यावर कळतं की तीही एक मिळकत होती.

बरं, आता पैशांचं. जर्मनीत येणाऱ्या बहुतेक भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एका खास खात्यात वर्षाचा खर्च आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात. शिवाय आमच्या या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १५०० युरो फी आहे. त्यात भाडं, त्यात आरोग्य विमा. आणि बहुतेकांच्या डोक्यावर बँकेचं कर्ज. म्हणजे पैशांची चणचण खोटी नाही, हे आधीच कबूल करते.

पण या चणचणीतून एक रोग होतो. मी त्याला ‘शंभराचा पाढा’ म्हणते. एका युरोचे साधारण शंभरएक रुपये होतात, त्यामुळे गुणाकार फारच सोपा झालाय आणि तोच घात करतो. बटर लावलेला ब्रेत्झेल दोन युरोंना? म्हणजे दोनशे रुपये! दोनशे रुपयांत साताऱ्यात पोटभर मिसळ खाऊन वर मित्राचंही बिल देता येईल. असा विचार करत माणूस उपाशी पुढे जातो. एकदा जातो तेव्हा काही बिघडत नाही. पण सहा महिने रोज असं पुढे जाणारा माणूस हळूहळू आपल्यालाच नको म्हणायला शिकतो.

आमच्या मजल्यावर विदर्भातला एक मुलगा आहे. (नाव लिहीत नाही. पण त्याला विचारूनच लिहितेय.) घरच्यांनी शेत गहाण ठेवून त्याला पाठवलंय. पहिल्या हिवाळ्यात त्याने खोलीतल्या हीटरचं चाक चांदणीवर नेऊन ठेवलं. इथल्या हीटरच्या चाकावर एक ते पाच आकडे असतात. तीनवर ठेवलं की खोली साधारण २० अंशांवर राहते. चांदणी म्हणजे फक्त पाइप गोठू नयेत इतपत ऊब. हा गडी जॅकेट घालून, कानटोपी घालून खोलीत बसायचा. जेवणाला पाव आणि नूडल्स. कुठे बोलावलं तर यायचा नाही, कारण रिकाम्या हाताने कसं जायचं? जानेवारीत तो दिवसा झोपायला लागला. परीक्षेला तीनपैकी एकाच पेपरला बसला.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगू? आमच्या वसतिगृहाच्या भाड्यात हीटिंगचा खर्च धरलेलाच आहे. दोन महिने कुडकुडून त्याचा एक सेंटसुद्धा वाचला नव्हता. खाण्यापिण्यात आणि भेटीगाठीत वाचले असतील महिन्याला चाळीस-पन्नास युरो. आणि शिक्षण सहा महिने लांबलं तर? ९९२ गुणिले ६, म्हणजे ५,९५२ युरो. शंभराचा पाढा इथे का आठवत नाही कुणाला?

(तो आता व्यवस्थित आहे. विद्यार्थ्यांसाठी इथे समुपदेशकांची सोय असते आणि त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाहीत. तिथे तो गेला, हे त्याचं शहाणपण. कुणाला गरज असेल तर जरूर विचारा, लाजू नका.)

आता ज्येष्ठ मंडळी म्हणतील, विद्यार्थिदशेत कष्ट हवेतच. आमच्या आजोबांनी वार लावून शिक्षण केलं, माधुकरी मागितली, त्यांना कुठे होते तुमचे हीटर न् कॉफ्या? मुद्दा बरोबर आहे. मला आजोबांबद्दल आदरच आहे. पण त्या काळच्या एका विद्यार्थिनीची आठवण ठेवूया. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, पुण्यात क्षयाने गेल्या. तिथली थंडी आणि खाण्याचे हाल यांनी त्यांची तब्येत आधीच पोखरली होती. आपण त्यांच्या जिद्दीबद्दल नेहमी बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण उबदार खोली आणि मानवणारं जेवण ही त्यांच्या बाबतीत चैन ठरली असती का? न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आपल्या घरात ठेवून घेतलं, माया लावली. त्या मायेच्या बळावर त्यांनी किती रेटलं असेल, असा विचार माझ्या मनात हल्ली वारंवार येतो.

आणि वार लावणं म्हणजे तरी काय होतं? नव्या पिढीतल्या वाचकांसाठी सांगते. गरीब विद्यार्थी गावातली सात घरं धरायचा. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. त्यात लाचारी होती, अपमानही असेल, मी त्याचं गोडवं गाणार नाही. पण त्यात एक फार मोठी सोय होती. गुरुवार आला की एका ठरावीक घरात आपलं पान मांडलेलं असणार, हे त्या मुलाला ठाऊक असायचं. त्याला त्या दिवशी कुणाला काही मागायला लागायचं नाही. ते ठरलेलंच होतं.

माझ्या मते सगळं सुख त्या ‘ठरलेलं’ या शब्दात आहे.

आता माझ्याकडे काय काय ठरलेलं आहे ते सांगते. यातलं काहीही बॅगेतून आलेलं नाही.

पहिला अर्थातच चहा. इथे सुपरमार्केटात ‘ओस्टफ्रीझन’ नावाचा चहा मिळतो. जर्मनीच्या अगदी वरच्या कोपऱ्यातले ते लोक कॉफीच्या देशात राहून चहाबाज आहेत आणि त्यांच्या चहात आपला आसामच जास्त असतो. आलं कुठेही मिळतं. सकाळी सात वाजता, बाहेर काळोख असताना, आलं ठेचल्याचा आवाज आला की आमच्या मजल्याला कळतं की मी उठले.

दुसरं, मऊभात. त्यासाठी मी वर्षभर बासमती शिजवून शिजवून थकले, पण त्याचं शीत काही गळेना. मग दुधातल्या खिरीसाठी इथे जो बुटका तांदूळ विकतात, ‘मिल्शराइस’, तो आणला. जरा जास्त पाणी, मीठ, वर तूप. तूप घरी लोणी कढवून. झालं! चक्क्याच्या जागी इथलं ‘क्वार्क’. फडक्यात बांधून टांगायचीसुद्धा गरज नाही, साखर आणि वेलची घातली की श्रीखंड. रवा मिळतो, बेसन मिळतं, मसूरडाळ मिळते, कोथिंबिरीची भलीमोठी जुडी तुर्की दुकानात मिळते. फोडणी तेवढी खिडकी उघडून आणि पंखा लावून करायची, कारण छतावरचा धुराचा भोंगा मोहरी आणि आग यांत फरक करत नाही. :)

तिसरी गोष्ट तर मला इथल्याच लोकांनी दिली. या भागाला श्वाबन म्हणतात. इथला लाडका पदार्थ म्हणजे ‘लिन्झन मिट श्पेट्झले’. मसुरासारख्या डाळीची दाट आमटी आणि त्यात कणकेच्या ओबडधोबड शेवया. वर थोडं व्हिनेगर. (बरोबर सॉसेजही देतात, ते मी नको म्हणते.) पहिल्यांदा मेसमध्ये ताटात ते आलं तेव्हा मी बघतच राहिले. अहो, या तर चकोल्या! चिंचेच्या जागी व्हिनेगर, एवढाच काय तो फरक. आजी रविवारी संध्याकाळी कंटाळा आला की चकोल्याच करायची. हजारो मैलांवर कुठल्याशा आजीलाही तसाच कंटाळा येत असणार. इतकं बरं वाटलं मला त्या दिवशी.

चौथी गोष्ट ऐकून आई हसते. इथल्या इमारतींत ‘केरवोखे’ नावाची एक जुनी पद्धत आहे. ‘वोखे’ म्हणजे आठवडा. आणि ‘केर’ म्हणजे... केरच! शब्दांचं नातं असेल नसेल, काम तेच. आळीपाळीने एकेका बिऱ्हाडाने जिना झाडायचा, अंगण झाडायचं. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी. आमच्या सामायिक स्वयंपाकघरातही तसंच वेळापत्रक लावलंय. माझी पाळी आली की शनिवारी सकाळी मी मोठ्याने नाट्यसंगीत लावून ओटा घासते. (रविवारी असा आवाज केलेला चालत नाही, रविवार हा इथे शांततेचा वार. दुकानंसुद्धा बंद.) केर काढण्यात कसलं सुख, असं वाटेल. पण पाटीवर नाव असणं म्हणजे मोजदादीत असणं. पाहुण्याला कुणी केर काढायला सांगत नाही.

पाचवी, जिने. स्टुटगार्ट डोंगरांच्या खळग्यात बसलंय आणि उतारांवर पूर्वीपासून द्राक्षमळे होते, त्यांच्यातून चढायला बांधलेले दगडी जिने अजून गावभर आहेत, चारशेहून अधिक. सूर्य दिसला रे दिसला की मी पुस्तकं मिटते आणि एखादा जिना चढून वर जाते. वरून सगळं गाव खाली दिसतं. अजिंक्यताऱ्यावरून दिसतो तसाच पसारा, फक्त छपरं लाल. तिकीट नाही, काही नाही.

आणि सहावी, सगळ्यात मोलाची. मजल्यावर आम्ही पाच जणांनी वार लावलेत! कल्पना माझी, आजोबांच्या गोष्टींमधून उचललेली. सोमवारी मी रांधते. मंगळवारी तो पेढेवाला कोलंबियन. बुधवारी आमचा विदर्भवीर (झुणका असा करतो की डोळ्यांतून पाणी). गुरुवारी एक इराणी मुलगी. शुक्रवारी एक जर्मन मुलगा, ज्याला फक्त बटाटे येतात, पण बटाटे उत्तम येतात. आठवड्यातून एकदाच स्वयंपाक करायचा आणि पाचदा गरम जेवायचं. खर्चही निम्मा होतो, हे शंभराचा पाढा म्हणणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते.

याने सगळं भागतं असं मी म्हणत नाही. गेल्या फेब्रुवारीत माझी आजी गेली. दुपारी बाबांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झालेली होती आणि मी विमान पकडून पोचेपर्यंत सगळं होऊन जाणार होतं. दोन दिवसांवर परीक्षा. बाबाच म्हणाले, "येऊ नकोस बाळा. ती तुझ्या परीक्षेचंच विचारत होती." मी खोलीचं दार लावून घेतलं. अशा वेळी चहा, मऊभात, जिने, कशाचाही काही उपयोग नसतो. आणि कुणाला जाऊन सांगावं इतकंही बळ अंगात नसतं.

तो गुरुवार होता. सात वाजले तरी मी स्वयंपाकघरात आले नाही, म्हणून दार वाजलं. इराणी मुलगी ताटली घेऊन उभी होती. कडधान्यं, पालेभाजी आणि शेवया घालून ते लोक ‘आश’ नावाचं दाट सूप करतात, ते होतं. तिने माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही, आत येऊन खुर्चीवर बसली आणि मी जेवेपर्यंत बसून राहिली. नंतर मी तिला सांगितलं. तेव्हा ती रडली, मग मीही रडले.

मला हेच म्हणायचंय. त्या दिवशी मी कुणाला हाक मारू शकले नसते. हाक मारायची गरज पडली नाही, कारण गुरुवार आधीच ठरलेला होता. सुखाची ही छोटी छोटी व्यवस्था आपण चांगल्या दिवसांत लावून ठेवतो, ती वाईट दिवशी कामाला येते. वाईट दिवस उजाडल्यावर ती लावायला घेतली तर हात चालत नाहीत.

तेव्हा नव्याने येणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. महिन्याच्या हिशोबाच्या वहीत भाडं, विमा, फोन, पास यांच्याखाली एक रकाना ‘सुख’ म्हणून आखा. माझा महिन्याला ४० युरोंचा आहे. त्यात चहा, आलं, तूप, माझ्या सोमवारचं सामान आणि एक-दोन ब्रेत्झेल बसतात. तो रकाना उरला तर पुढच्या महिन्यात ढकलू नका, खर्च करा. आणि आल्या आल्या, पहिल्या पंधरवड्यातच, निदान एक वार कुणाबरोबर तरी लावून टाका. जेवणाचाच हवा असं नाही. धुणं धुवायचा लावा, पळायला जायचा लावा, पण वार ठरवा.

आणि घरच्या मंडळींना सांगणं असं. (मावशी, हे तू वाचणार आहेस हे मला ठाऊक आहे!) मेतकूट पाठवा, जरूर पाठवा, मी नाही म्हणणार नाही. पण फोनवर "जेवलीस का?" याच्यापुढे जाऊन "कुणाबरोबर जेवलीस?" असंही विचारत जा. पहिल्या प्रश्नाला सगळी मुलं "हो" म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाला एखादं मूल गप्प झालं, तर समजा की तिकडचं हीटर चांदणीवर आहे.

असो. आज सोमवार, म्हणजे वार माझा. चकोल्या करायच्या आहेत आणि अजून कणीकसुद्धा मळलेली नाही. तुमच्या रकान्यात काय काय आहे तेही जमलं तर लिहा, मला वाचायला आवडेल.